मद्यपान करून वाहन चालविणारा खेळाडू आणि संघाची शिस्त
(एका भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील वायोमिंग राज्यात लॅरमी नावाचे एक लहानसे विद्यापीठाचे शहर आहे. १६ सप्टेंबर २००१ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर त्या शहराच्या दक्षिणेस, कोलोराडो राज्याच्या दिशेने जाणाऱ्या महामार्गावर, एक पिकअप गाडी समोरून येणाऱ्या मोटारीवर जाऊन आदळली. मोटारीत वायोमिंग विद्यापीठाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या संघातील आठ तरुण होते. वये १९ ते २२. आठही जण मृत्युमुखी पडले. पिकअपचा चालक वाचला. तोही त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता, वय २१, आणि तोही खेळाडूच होता; बेफाम जनावरावर टिकून बसणे, धावत्या वासरास दोराने पकडणे अशा कसरतींचा रोडिओ नावाचा जो खेळ तिकडे लोकप्रिय आहे, त्या खेळाच्या विद्यापीठ संघातील. त्याच्या रक्तातील मद्याचे प्रमाण शेकडा ०.१६ आढळले. अमेरिकेत आज प्रौढ चालकासाठी जी ०.०८ ही मर्यादा बहुतेक सर्वत्र आहे, तिच्या हे बरोबर दुप्पट. त्याने गुन्हा कबूल केला व न्यायालयाने त्यास १४ ते २० वर्षांच्या कारावासाची शिक्षा फर्माविली.

एकाच विद्यापीठाचा खेळाडू अपराधी आणि त्याच विद्यापीठाचे आठ खेळाडू बळी, असा हा प्रसंग आहे. तो घडून गेल्यावर संघाच्या शिस्तीला करण्यासारखे काहीच शिल्लक राहिले नव्हते. दोन सामने बाहेर बसविणे, शिष्यवृत्ती थांबविणे, संघातून नाव कमी करणे या सर्व शिक्षा तेथे निरर्थक ठरतात, कारण प्रकरण फौजदारी न्यायालयाच्या हाती गेलेले असते. म्हणून खेळाडूने मद्यपान करून वाहन चालविल्यास संघाने त्याला शासन कसे करावे, हा प्रश्न वस्तुतः निराळ्याच रात्रीविषयीचा आहे. ज्या रात्री पोलिसाने गाडी थांबविली, श्वासाची तपासणी झाली, प्रमाण अधिक निघाले आणि सुदैवाने कोणालाही ओरखडासुद्धा उमटला नाही, ती ती रात्र होय. अशा रात्री फार असतात आणि नेमक्या त्याच सर्वांना क्षुल्लक वाटतात.

अमेरिकन महाविद्यालयीन खेळांचे स्वरूप ध्यानात घेतल्याशिवाय ही अडचण उमगणार नाही. तेथील विद्यापीठांची काही फुटबॉल क्रीडांगणे एक लाखाहून अधिक प्रेक्षक सामावून घेतात. अनेक राज्यांत सरकारी वेतनपटावरील सर्वांत मोठा पगार राज्यपालाचा नसून विद्यापीठाच्या प्रशिक्षकाचा असतो. एक सामना हरला तर लक्षावधी लोक हळहळतात आणि चार-पाच हरले तर प्रशिक्षकाची नोकरी जाते. अशा प्रशिक्षकाकडेच, आपला सर्वोत्तम खेळाडू शनिवारी खेळणार की नाही, हा निर्णय सोपविलेला असतो. ज्याचे शेत त्यालाच पंच नेमावे, तशातला हा प्रकार आहे.

महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय संघटना १९०६ पासून अस्तित्वात आहे. खेळाडूचे गुण, प्रवेशपात्रता, निषिद्ध औषधे यांविषयी तिचे नियम जाडजूड आहेत. पण दारू पिऊन गाडी हाकणाऱ्या खेळाडूस किती सामने बाहेर ठेवावे, याचा देशभर लागू होणारा एकही नियम तिने केलेला नाही. ते काम तिने प्रत्येक विद्यापीठावर सोडले आहे आणि परिणाम व्हावयाचा तोच झाला आहे.

तीन उदाहरणे पुरेत. खेळाडूंची नावे येथे हेतुपुरस्सर दिलेली नाहीत, कारण विचार संस्थांच्या वागणुकीचा करावयाचा आहे. २०१० साली ओरेगन विद्यापीठाने अशा गुन्ह्यात पकडल्या गेलेल्या एका फुटबॉलपटूस त्या वर्षाचा संपूर्ण हंगाम संघाबाहेर ठेवले. २०११ च्या मार्चमध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या एका नामांकित खेळाडूच्या शरीरातील मद्याचे प्रमाण ०.१९ निघाले. त्याला तत्काळ निलंबित केले गेले, वसंत ऋतूतील सराव त्याचा बुडाला, ऑगस्टमध्ये निलंबन उठले आणि शरद ऋतूतील तेराही सामने तो खेळला. २०१५ च्या ऑक्टोबरअखेरीस ओहायो स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हलविणारा संघातील कळीचा खेळाडू, पोलीस तपासणीच्या ठिकाणी पकडला गेला. त्याचे वय २० होते, म्हणजे तेथील कायद्यानुसार मद्य विकत घेण्याचेही नव्हे. त्यास एका सामन्यापुरते बाहेर ठेवले व एका सत्राची आर्थिक मदत बंद केली. एकाच अपराधास एके ठिकाणी अख्खा हंगाम, दुसरीकडे एक सामना, तिसरीकडे शून्य! ओहायोचा तो तरुण पुढील दोन्ही वर्षे पुन्हा कप्तान निवडला गेला, तर नोत्र दामचा खेळाडू व्यावसायिक झाल्यावर २०१६ मध्ये त्याच गुन्ह्यात पुन्हा सापडला आणि त्याला तुरुंगात जावे लागले. यावरून सौम्य शिक्षेने माणूस बिघडतो वा सुधारतो, असा सिद्धान्त काढणे उतावीळपणाचे होईल. एवढे मात्र दिसते की, शिक्षा किती, हे अपराधापेक्षा अपराध कोठे व कोणी केला यावर ठरत होते.

येथे कायद्याची थोडी माहिती उपयोगी पडेल. अमेरिकेत १९८४ च्या केंद्रीय कायद्यान्वये मद्यखरेदीचे किमान वय २१ ठरले. जे राज्य ते मानणार नाही त्याच्या महामार्ग निधीस कात्री लागेल, अशी त्यात तरतूद होती. २१ वर्षांखालील चालकांसाठी मर्यादा ०.०२ किंवा त्याहूनही कमी असून, यूटा राज्याने प्रौढांची मर्यादाही २०१८ अखेरीपासून ०.०५ केली आहे. आपल्या देशात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास गुन्हा होतो, म्हणजे प्रमाण ०.०३. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. आपला कायदा अमेरिकेहून कडक आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

शरीरातील मद्य ताशी साधारण ०.०१५ या गतीने उतरते. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. रात्री एक वाजता ०.१६ प्रमाण असलेला तरुण पहाटे सहाला सरावासाठी निघेल, तेव्हाही त्याच्या शरीरात सुमारे ०.०८५ मद्य शिल्लक असेल आणि तो पूर्ण कोरडा व्हावयास दुपारचे बारा वाजत येतील. म्हणून रात्रीच्या मेजवानीनंतर भल्या पहाटे सराव ठेवणे, हीदेखील संघव्यवस्थापनाची चूकच म्हणावी लागेल.

मग नियम कसा असावा? पहिली गोष्ट, तो हंगाम सुरू होण्यापूर्वी कागदावर उतरलेला असावा आणि प्रत्येक खेळाडूने वाचून त्यावर सही केलेली असावी. दुसरी व अधिक महत्त्वाची गोष्ट, तो लागू करण्याचा अधिकार प्रशिक्षकाकडे नसावा. संघाच्या जय-पराजयाशी ज्यांचा संबंध नाही अशा प्राध्यापकांच्या समितीकडे असावा. यात प्रशिक्षकाचा अवमान होत नाही, उलट त्याची सुटका होते. चाहते, देणगीदार, वृत्तपत्रे कोणी विचारले तर निर्णय आपल्या हाती नाही, असे तो खरेपणाने सांगू शकतो. ‘अंतर्गत कारवाई केली आहे’ असे एक वाक्य तिकडे वारंवार ऐकू येते व त्याच्या पाठीशी १९७४ चा विद्यार्थ्यांच्या खासगीपणाचा कायदा उभा केला जातो. विद्यार्थ्याची वैद्यकीय वा शैक्षणिक माहिती झाकून ठेवणे रास्त आहे. नियमच झाकून ठेवण्याचे कारण मात्र समजत नाही.

शिक्षेचे माप सामन्यांच्या संख्येत नसावे, हंगामाच्या हिश्श्यात असावे. फुटबॉलचा नियमित हंगाम १२ सामन्यांचा, बास्केटबॉलचा तिसाच्या आसपास, तर बेसबॉलचा ५६ पर्यंत जातो. ‘एक सामना’ ही शिक्षा फुटबॉलपटूस जड आणि बेसबॉलपटूस सुटीसारखी. पहिल्या गुन्ह्यास हंगामाचा चौथा हिस्सा, म्हणजे फुटबॉलमध्ये तीन सामने, हे प्रमाण वाजवी वाटते. ते सामने सलग व लगेच येणारे असावेत; दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी असलेली गाठ पाहून निलंबनाचा मुहूर्त काढणे म्हणजे नियमाची थट्टा होय. दुसऱ्यांदा तोच गुन्हा घडल्यास संघातून नाव कमी करावे.

न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबावे की काय, हा वाद जुना आहे. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व कोणीही सोडू नये. परंतु संघाकडून खेळणे हा हक्क नाही, तो मान आहे. तपासणीचा आकडा समोर असता तो मान काही आठवडे थांबविणे अन्यायाचे ठरत नाही. आकडा नसेल, खेळाडूने आरोप नाकारला असेल, तर समितीने त्याचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे.

याउलट दोन गोष्टी पहिल्या गुन्ह्यात करू नयेत. एक, शिष्यवृत्ती तोडू नये. श्रीमंताचा मुलगा फी भरून शिकत राहील, गरिबाचा मुलगा घरी परत जाईल. एकाच अपराधाची ही दोन मापे होतील. दुसरी, त्याला सरावातून हाकलून देऊ नये. सामन्याचा गणवेश काढून घ्यावा, पण पहाटेची हजेरी चालू ठेवावी. ज्याला दारूची ओढ आहे त्याला सहकाऱ्यांपासून तोडून खोलीत एकटे बसविल्याने ती कमी होईल, हे संभवत नाही. त्यासोबत व्यसनाची तपासणी, समुपदेशन आणि ठरावीक काळ वाहन न चालविण्याचे बंधन असावे. दारू प्यालेल्या खेळाडूने स्वतः गाडी न चालविता मध्यरात्री फोन करून वाहन मागितले, तर त्याबद्दल संघाने मुळीच शिक्षा करू नये, असेही नियमात स्पष्ट लिहावे. हे कलम नसलेला नियम तरुणाला गुपचूप किल्ली फिरवावयास लावतो.

आणि नियम मोठ्यांनाही लागू हवा. २०१० च्या जूनअखेरीस जॉर्जिया विद्यापीठाचे क्रीडा संचालक याच गुन्ह्यात पकडले गेले व थोड्याच दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. प्रेक्षकांनी दारू पिऊन गाडी चालवू नये, असे आवाहन करणारी त्यांची चित्रफीत त्याच विद्यापीठाच्या क्रीडांगणावर दाखविली जात असे. पुढल्या वर्षी मिसूरी विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकास एक सामना बाहेर बसावे लागले व वेतन आणि बक्षिसे मिळून तीन लाख डॉलरांहून अधिक रकमेस मुकावे लागले. खेळाडूपेक्षा प्रशिक्षकाला अधिक शिक्षा झाल्याची अशी उदाहरणे विरळाच.

जॉर्जियाचीच कथा पुढे अधिक दुःखद झाली. राष्ट्रीय अजिंक्यपदाची मिरवणूक अथेन्स शहरात १४ जानेवारी २०२३ रोजी निघाली. त्या रात्री, पहाटेच्या सुमारास, क्रीडा विभागाने भाड्याने घेतलेली एक मोटार दुसऱ्या मोटारीशी शर्यत लावीत ताशी सुमारे १०४ मैलांच्या वेगापर्यंत पोहोचली व रस्ता सोडून आदळली. गाडी चालविणारी तरुण कर्मचारी व संघातील एक खेळाडू ठार झाले. चालक स्त्रीच्या रक्तात ०.१९७ मद्य होते. दुसरी मोटार संघाचाच एक खेळाडू चालवीत होता. त्याच्यावर मद्यपानाचा आरोप नव्हता, शर्यत व बेदरकारपणाबद्दल त्यास एक हजार डॉलर दंड, बारा महिन्यांची देखरेख व ८० तास समाजसेवा अशी शिक्षा झाली. एवढे होऊनही त्यानंतरच्या काळात त्या संघातील अनेक खेळाडू अतिवेगाबद्दल पकडले गेले. २०२१ पासून तेथील विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावलौकिकावर पैसा मिळविण्याची मुभा आहे; तेव्हा आता खेळाडूंना आर्थिक दंडही केला जातो, असे प्रशिक्षकांनी २०२४ मध्ये सांगितले. विजयोत्सवाच्या रात्री किल्ल्या कोणाकडे असाव्यात, हे आधी ठरलेले असते तर त्या दंडाची चर्चा करावी लागली नसती.

गोमंतकातील महाविद्यालयीन खेळांत असला पैसा नाही, लाखांचे प्रेक्षक नाहीत. तथापि रस्ते तेच अरुंद आणि रात्री त्याच काळोख्या आहेत. बाणस्तारी पुलावर ६ ऑगस्ट २०२३ रोजी तिघांचे प्राण गेले, ते गावोगावी अजून विसरलेले नाहीत. आंतरमहाविद्यालयीन सामना जिंकून संघाची बस रात्री महाविद्यालयाच्या फाटकाशी थांबते, तेथवर शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक सोबत असतात. तेथून पुढे मुले दोन-दोन, तीन-तीन जणांनी दुचाकीवर बसून पेडणे, सत्तरी, काणकोणच्या वाटेला लागतात. वाटेत एखाद्या बारमध्ये विजय साजरा होतो. गावच्या फुटबॉल क्लबांचेही असेच. जे महाविद्यालय वा क्लब नियम करील त्याने तो एका पानाचा, मराठीत किंवा कोकणीत करावा, हंगामाच्या पहिल्या सरावाला आई-वडिलांसमोर वाचून दाखवावा आणि सामन्याच्या दिवशी दुचाकींच्या किल्ल्या सकाळीच जमा करून घेण्याचे काम एका शिक्षकाकडे नावानिशी सोपवावे. रात्री त्या परत देताना तोच शिक्षक फाटकाशी उभा असेल आणि ज्याला किल्ली देता येणार नाही त्याच्या घरी फोन करील.