साल्व्हियाचीं रोपें कां दगावतात?

थंडीच्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या बागांत आणि गॅलरींतील कुंड्यांत लालभडक तुऱ्यांचें जें झाड डोळ्यांत भरतें, तें साल्व्हिया. तें मूळचें ब्राझीलमधील असलें, तरी कुलानें तुळशीचें सगोत्र आहे. चौकोनी खोड आणि दोन ओठांचें फूल या खुणा दोहोंतही आढळतात. या नात्यामुळेंच कीं काय, पुष्कळ घरीं त्याची निगाही तुळशीप्रमाणेंच राखली जाते. रोज सकाळीं तांब्याभर पाणी ठरलेलें! बहुतेक रोपांचा घात येथेंच होतो.

पहिलें संकट वाफ्यांत येतें. पाऊस ओसरूं लागला म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरांत बीं पेरतात. तें खोल पुरूं नये. उजेडांत तें अधिक चांगलें रुजतें. पण दाट उगवलेलीं कोंवळीं रोपें एखाद्या सकाळीं जमिनीलगत काळवंडून आडवीं झालेलीं दिसतात. ही बुरशीची करणी. शेतकरी हिला 'मर' म्हणतात. आडवें झालेलें रोप पुन्हा उठत नाहीं. ताजी माती, विरळ पेरणी व पाण्याचा निचरा एवढाच यावर खरा तोडगा.

याहून फसवी अवस्था मोठ्या रोपाची. भर दुपारीं पानें मान टाकतात आणि गृहिणी कळवळून पाणी ओतते. त्याआधीं कुंडींत दोन पेरें बोट घालून पाहावें. माती कोरडी असेल, तर पाण्यानें संध्याकाळपर्यंत टवटवी येईल. माती ओली असूनही पानें कोमेजलीं असतील, तर मुळें कुजूं लागलीं आहेत असें समजावें. मुळांनाही हवा लागते. चिखलांत ती मिळत नाहीं व कुजलेलें मूळ पाणी शोषूं शकत नाहीं. अशा वेळीं ओतलेलें पाणी रोपाचें मरण जवळ आणतें. निव्वळ काळी माती यासाठींच टाळावी; तींत वाळू व चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें, आणि कुंडीच्या भोंकावर खापरी ठेवावी.

खत फार झालें, तर पानें माजतात व तुरे रुसतात. गर्द सावलींतही तेंच. फुलाची नळी गळाल्यावरही तिचा लाल पेला तुऱ्यावर टिकतो, म्हणून तुरा खुडावयास हात धजत नाहीं. पण तो सुकतांच खुडला, तर नवे फुटवे लवकर येतात.

फाल्गुन-चैत्रांत हवा तापली कीं पानांखालीं बारीक लाल कोळी पडतात. पानांच्या खालच्या अंगास पाण्याचा जोरदार फवारा दिल्यास ते बरेच हटतात. ज्यांना उन्हाळ्यांतही रंग हवा असेल, त्यांनीं टेक्सास-मेक्सिकोकडील निळा साल्व्हिया लावावा. ऊन आणि कोरडेपणा त्याला अधिक मानवतो.