उरलेला हिशेब
(संस्थेच्या वार्षिक सभेतील भाषण)



जमाखर्चाचे पत्रक आपल्या हाती आहेच. आज आम्ही प्रभू येशू ख्रिस्ताने सांगितलेल्या एका दाखल्यातील हिशेबाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला सर्वपरिचित आहे. यरीहोच्या वाटेवर लुटला गेलेला प्रवासी पाहून याजक व लेवी निघून जातात. परका मानलेला शोमरोनी मात्र थांबतो, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधतो. प्रवचन बहुधा येथेच थांबते. आम्हा हिशेब राखणाऱ्यांस पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. तो जखमीस उतारशाळेत नेतो, शुश्रूषा करतो आणि दुसऱ्या दिवशी तेथील रक्षकाच्या हाती दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, ठेवतो. अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन, असेही सांगतो. त्या वचनास रकमेची मर्यादा नाही. पहिल्या दिवशीची करुणा पुष्कळांना सुचते. दुसऱ्या दिवशीचे हे वचन म्हणजे विश्वासूपणा.

प्रभूचे स्वतःचे आचरणही असेच होते. वधस्तंभाच्या आदल्या रात्री त्याने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा त्यास धरून देणारा यहूदाही पंक्तीस होता. तेथे पात्रता तपासली गेली नाही.

आम्हांस ती तपासावी लागते. धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागणे ओघानेच आले. तो मागताना कोणा मुलाची मान खाली जाऊ नये, एवढी दक्षता आपल्या हाती आहे. परंतु ज्याचे उत्पन्न मर्यादेहून किंचित अधिक आणि जो अतिदक्षता विभागातील दहाव्या दिवशी खरोखरच निर्धन होतो, तो रुग्ण या टक्केवारीत बसत नाही. त्याचा उरलेला हिशेब कोणी फेडावा?

यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते (आणि यंत्रे हवीतच). प्राणवायूवर, मलमपट्टीच्या कापसावर, रात्रपाळीच्या मावशींच्या वेतनावर ते कोरता येत नाही. म्हणून कोणत्याही एका वस्तूशी न बांधलेली देणगी आपण द्यावी, अशी आमची विनंती आहे. तिची पावती त्याच दिवशी मिळेल आणि तिचा विनियोग पुढील अहवालात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविला जाईल.