पाटीवरची खिडकी

धर्माबादेहून रेल्वेनें निघालेला प्रवासी नांदेड जिल्ह्याची हद्द ओलांडून तेलंगणांत शिरला, कीं थोड्याच वेळांत बासरचें स्थानक येतें. गोदातीरावरील तेथील सरस्वतीचें देऊळ सर्वश्रुत आहे. हद्दीच्या अलीकडचीं आणि पलीकडचीं कुटुंबें आपल्या मुलांना अक्षराभ्यासासाठीं तेथें नेतात. मांडीवर बसलेलें मूल, पुढ्यांत पाटी, आणि वडील माणसानें हात धरून काढविलेलें पहिलें अक्षर! पाटीचा एक गुण मुलाच्या त्या वयांतच ध्यानीं येतो. तिच्यावर एका अक्षराच्या जागीं दुसरें काढावयाचें तर पहिलें पुसावें लागतें; आणि पुसलेलें अक्षर पाटी कोठेंहि राखून ठेवीत नाहीं.

डॉसच्या काळांतील संगणकाचा पडदा ही अशीच एक पाटी होती. त्या पडद्यावर मध्येंच एक चौकोन उगवे, कांहीं विचारी, उत्तर मिळतांच नाहींसा होई, आणि मागील लिखाण जसेंच्या तसें दिसूं लागे. या चौकोनाला पॉप-अप विंडो म्हणतात. मराठींत उगवती खिडकी म्हणावयास हरकत नाहीं. पाहणारास वाटे, कागदाचा तुकडा वर ठेविला होता, तो उचलला. वस्तुतः तेथें वर आणि खालीं असें कांहीं नव्हतेंच. प्रत्येक ठिपक्याचा एकच रंग यंत्राच्या स्मृतींत नोंदलेला असे. खिडकीचा रंग त्या जागीं लिहिला, कीं आधींचा गेला. मग तो परत येई कोठून?

धर्माबाद हें लाल मिरचीच्या बाजारासाठीं नांवाजलेलें गांव. तेथील एखाद्या अडतीच्या दुकानीं त्या काळीं हिशेबासाठीं संगणक बसविला होता, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. पडद्यावर शेतकऱ्याच्या मालाची पट्टी चालू आहे: पोतीं किती, वजन किती, लिलावांत भाव काय आला, हमाली आणि तोलाई किती वजा. मुनीम एका ओळीवर थांबतो आणि खिडकी उगवते: वजन पुन्हां तपासलें काय? मुनीम होय म्हणतो, खिडकी मिटते, आणि जेथें वजनाचा आकडा होता तेथें नुसता काळा चौकोन उरतो. आकडा यंत्राच्या पोटांत सुखरूप असेलहि. परंतु समोर बसलेल्या शेतकऱ्यास पोट दिसत नाहीं, पडदा दिसतो. आपल्या मालाचें वजन डोळ्यांदेखत पुसलें गेलेलें पाहून त्यानें त्या यंत्रावर विश्वास काय म्हणून ठेवावा?

हेंच काम इंग्रजींत असतें तर प्रश्न हलका होता. यंत्राच्या अक्षरपद्धतींत पडद्यावर २५ ओळी आणि ओळींत ८० अक्षरें मावत. प्रत्येक अक्षरास दोन बाइट, एक आकृतीचा व एक रंगाचा. म्हणजे अवघा पडदा ४,००० बाइटांत उतरून घेतां येई. परंतु त्या पद्धतींत ठरावीक २५६ आकृत्याच असत, आणि त्यांत ना देवनागरी होती ना तेलुगू. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचें जिस्ट कार्ड यंत्रांत बसविल्यास भारतीय लिप्या मिळत. तें मात्र निराळें विकत घ्यावें लागे. ज्याच्यापाशीं तें नसे, त्यानें ग्राफिक्सच्या पद्धतींत शिरावें आणि प्रत्येक अक्षर ठिपक्या-ठिपक्यानें स्वतः काढावें. जोडाक्षरांचा व्याप वेगळाच. तेथें पडदा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा, रंग १६. एकूण ठिपके ३,०७,२००. एका बाइटांत दोन ठिपके याप्रमाणें संपूर्ण पडद्यास १,५३,६०० बाइट लागत. कोठें ४,००० आणि कोठें दीड लाख! धर्माबादच्या मुनिमाला त्याच्या मातृभाषेंत प्रश्न विचारावयाचा, तर प्रोग्रॅम लिहिणारास हें ओझें उचलल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

तें उचलण्यास साह्य होई लायब्ररीचें. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. एकदां लिहून तपासून ठेविलेल्या आणि कोणासहि आपल्या प्रोग्रॅममध्यें बोलावतां येणाऱ्या आज्ञांचा तो संग्रह. बोर्लंड या अमेरिकन कंपनीची टर्बो सी १९८७ सालीं बाजारांत आली, आणि पुढें तिच्यासमवेत येणारी ग्राफिक्सची लायब्ररी महाराष्ट्रांतील अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या बोटांवर खेळूं लागली. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचीं सी भाषेवरील इंग्रजी पुस्तकें देशभर वाचलीं गेलीं. त्यांतील एक तर ग्राफिक्सलाच वाहिलेलें आहे.

गंमत अशी कीं, या लायब्ररींत 'खिडकी उगव' अशी आज्ञाच नाहीं. चौकोन रंगविण्याची आहे, चौकट आंखण्याची आहे. पण खिडकी तीन निराळ्या आज्ञांच्या मेळानें साधावी लागते. 'इमेजसाइझ' ही आज्ञा झांकल्या जाणाऱ्या भागास किती जागा लागेल तें सांगते. तेवढी जागा स्मृतींतून मागून घेतल्यावर 'गेटइमेज' त्या भागाची नक्कल तेथें उतरवून घेते. मगच खिडकी रंगवावी. काम संपल्यावर 'पुटइमेज' ती नक्कल मूळ जागीं परत ठेवते. नवशिका सारें लक्ष खिडकीच्या रंगावर आणि सांवलीवर खर्चितो. खरें काम खिडकी दिसण्यापूर्वींच व्हावयाचें असतें.

यांतहि एक खड्डा आहे. 'इमेजसाइझ' आपलें उत्तर १६ अंकी द्विमान संख्येंत देते. तींत ६५,५३५ च्या पुढें मोजतां येत नाहीं. झांकावयाचा भाग पडद्याच्या सुमारें दोनपंचमांशाहून फार मोठा झाला, कीं ती मोजणी सोडून देते आणि ६५,५३५ हाच आकडा हातीं ठेवते. तो खुणेचा आकडा आहे, मापाचा नव्हे. जो त्याला माप समजून तेवढीच जागा घेतो, त्याची नक्कल शेजारच्या स्मृतींत सांडते, आणि यंत्र कोठें अडेल याचा नेम राहात नाहीं. उपाय मात्र साधा आहे: मोठ्या भागाच्या आडव्या पट्ट्या कराव्या. १२० ओळींची एक पट्टी ३८,४०० बाइटांची होते. अशा चार पट्ट्यांत पूर्ण पडदा बसतो.

दुसरी चूक अधिक कपटी आहे, कारण ती परीक्षकासमोर प्रकट होत नाहीं. नक्कल परत ठेविल्यावर तिची जागा मोकळी करावयाची राहून जाते. ३२० बाय २०० ठिपक्यांची खिडकी एका वेळीं ३२,००० बाइट अडवून ठेवते. डॉसमध्यें प्रोग्रॅमला मिळणारी स्मृति सारी मिळून ६,५५,३६० बाइट. त्यांतच डॉस आणि स्वतः प्रोग्रॅम यांनीं आपापला वांटा घेतलेला. म्हणजे वीस खिडक्यांच्या आंतच कोठार रिकामें होणार. महाविद्यालयांत खिडकी तीनदां उघडून दाखविली आणि गुण मिळाले. अडतीच्या दुकानीं मिरचीचा लिलाव रंगांत आला असतां, पंधरा-सोळा पट्ट्या होतात न होतात तोंच, नक्कल ठेवण्यास जागाच नाहीं!

खिडकीवर खिडकी उघडली, तर शेवटचीच आधीं मिटावी लागते. क्रम चुकला, तर वरच्या खिडकीच्या नकलेंत खालच्या, आतां मिटलेल्या, खिडकीचा तुकडा अडकलेला असतो आणि तो भुतासारखा पुन्हां पडद्यावर उमटतो. माउसच्या बाणाचेंहि तसेंच आहे. नक्कल घेण्यापूर्वीं बाण लपविला नाहीं, तर त्याचें चित्रहि नकलेंत जातें. मग खिडकी मिटल्यावर एक बाण हातासंगें फिरतो आणि दुसरा जागच्या जागीं खिळून राहतो. अनेक विद्यार्थ्यांनीं या दुसऱ्या बाणावर संध्याकाळच्या संध्याकाळ घालविल्या आहेत.

विंडोज, जिची पहिली आवृत्ति १९८५ सालीं निघाली, तिनें निराळा मार्ग धरिला: खिडकी मिटली कीं खालच्या प्रोग्रॅमलाच सांगावें, तुझा भाग पुन्हां काढ. तथापि यादी किंवा छोटा प्रश्न अशा क्षणभराच्या खिडक्यांसाठीं खालचें चित्र राखून ठेवण्याची जुनी सोय तींतहि ठेविलेली आहे. पुढें व्हिस्टापासून प्रत्येक खिडकीचें चित्र स्वतंत्र ठेवून सर्व एकत्र मांडण्याची पद्धति रूढ झाली. पाटीच्या जागीं खरोखरच कागद आले.

टर्बो सी आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर सरळ चालत नाहीं; ती डॉसबॉक्स नांवाच्या नकली डॉसमध्यें चालवावी लागते. तेथें अजूनहि एखादा विद्यार्थी पहिली खिडकी उगवतो, मिटतो, आणि खालच्या अक्षरांपैकीं एखादा काना किंवा वेलांटी सुटली तर नाहीं ना, हें पडद्याजवळ तोंड नेऊन पाहतो.