एकलव्याचे गाव

दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या गुरुग्रामचा संबंध परंपरेने द्रोणाचार्यांशी जोडला जातो. २०१६ साली गुडगाव हे नाव पालटले, ते याच श्रद्धेला धरून. शहरातील खांडसा येथे एकलव्याचेही मंदिर आहे. गुरूच्या मातीच्या मूर्तीपुढे एकटाच विद्या साधणाऱ्या त्या शिष्याची आठवण या शहरात आज वेगळ्याच कारणाने व्हावी.

देशोदेशीच्या कंपन्यांची कामे गुरुग्रामातील कार्यालयांतून चालतात. परंतु दूरध्वनी आणि संगणकावरील ही सेवा कर्मचाऱ्याने घरून द्यावयाची, तर पूर्वी कंपनीस दूरसंचार विभागाकडे अनामत रक्कम ठेवावी लागे. १३ मार्च २०२० रोजी साथीमुळे ही अट शिथिल झाली, आणि नोव्हेंबरात नियमच सैल झाले. कामे चालू राहिली. मात्र चहाच्या टपरीवर किंवा लिफ्टमध्ये परक्या विभागातला माणूस भेटून जे सहज कानी पडे, ते थांबले. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील सुमारे ६१ हजार कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. घरून काम सुरू झाल्यावर निरनिराळ्या गटांना सांधणारे दुवे विरळ झाले, असे त्यात आढळले.

याची झळ सर्वाधिक लागते ती नवागताला. जुन्यांपाशी ओळखीची शिदोरी असते. नव्याच्या घरी संगणक पोहोचतो, वरिष्ठाचा चेहरा पडद्यावरच्या चौकटीत दिसतो, आणि तो निष्ठेने कामास लागतो. एकलव्यही असाच लागला होता. द्रोणांनी त्याला एकदा नाकारले होते. पुढे तो काय शिकत आहे, हे कुत्र्याच्या तोंडात भरलेले बाण दिसेपर्यंत त्यांच्या गावीही नव्हते. नंतर भेट झाली, ती अंगठा मागण्यापुरती!

कित्येक संस्था यावर उपाय म्हणून हजेरी घेणारी, कळफलकावरच्या बोटांची नोंद ठेवणारी यंत्रणा बसवतात. पाळत म्हणजे परिचय नव्हे, हे त्यांना कोणी सांगावे? त्यापेक्षा नव्या माणसाला एखाद्या जुन्या सहकाऱ्याच्या हाती सोपवणे, अन्य विभागांत त्याची ओळख करून देणे, आणि ठराविक दिवशी सर्वांनी एकत्र जमणे, हे साधे मार्ग अधिक उपयोगी. जमल्यावर प्रत्येकाने पुन्हा पडद्यातच डोके घातले, तर मात्र तो प्रवास फुकट.

साथ ओसरली तरी प्रश्न उरला आहे. सप्टेंबर २०२५ च्या आरंभी पावसाने गुरुग्रामचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा जिल्हा प्रशासनाने खासगी कार्यालयांना घरूनच काम करवून घेण्याचा सल्ला दिला. अशा सकाळी वरिष्ठाचा फोन येतो. तो कामाची चौकशी आधी करतो, की घरात पाणी शिरले का हे आधी विचारतो, यावरून त्या कर्मचाऱ्याला पुष्कळ काही कळते.