गव्हल्यांचं सूप

पुण्याला कवितावाचनाला जायचं म्हणजे आमच्या देवळाली प्रवरेहून चार-पाच तासांची वाट. राहुरी, नगर, शिरूर करत एस.टी. पोचते तोवर बांधून घेतलेली भाकरी संपलेली असते. गेल्या हिवाळ्यात असाच निघालो, तर माझा बालमित्रही बरोबर आला. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. आमच्या घरांची भिंतही सामाईक. तो माळकरी, वारी न चुकवणारा. त्याची मुलगी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, तिला भेटायचं होतं. माझ्या कविता हे त्याला निमित्त.

रात्री ती म्हणाली, "अण्णा, चाचा, भाकरी रोजचीच आहे. आज इटालियन खाऊ."

पहिल्या हॉटेलात मेनूकार्ड हातात आलं आणि मी गप्प झालो. प्रवासात मला हा प्रश्न नेहमी छळतो. पेपरोनी म्हणजे काय, बेकन कशात घालतात, रश्शात वाइन असते का, हे सगळं विचारायचं तर असतं, पण दुसऱ्याच्या पैशानं जेवताना चौकशी करणं जिवावर येतं. मग मी आपलं "मला भूक नाही" म्हणून मोकळा होतो. त्या दिवशी मात्र मित्रानंच वेटरला हाक मारली. "हे बघा, यांना डुकराचं चालत नाही आणि मला कशाचंच चालत नाही. भांडी वेगळी आहेत का?" वेटर प्रामाणिक होता. नाही म्हणाला. आम्ही उठलो.

मग मुलीनं आम्हाला शाकाहारी इटालियन हॉटेलात नेलं. पुण्याला याचं नवल नाही; 'लिटल इटली' ही शाकाहारी इटालियन हॉटेलांची साखळी पुण्यातच सुरू झाली. पण 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी दिसली की माझे पाय जरा अडखळतात. मुलाच्या शिक्षणासाठी एका शहरात खोली पाहत होतो, तेव्हा घरमालकानं आधी नाव विचारलं आणि मग सांगितलं, "आमची सोसायटी शुद्ध शाकाहारी आहे." जेवणाचा विषय मी काढलाच नव्हता. त्या रात्री त्याच पाटीखालून मी निर्धास्त आत गेलो. सुटल्यासारखं वाटलं आणि त्या वाटण्याचा थोडा रागही आला.

आत प्रश्न विचारायची पाळी मित्राची. त्यानं कुठंसं ऐकलं होतं की चीजमध्ये वासराचं काही असतं. खरंच असतं. इटलीतलं अस्सल पार्मेझान करताना दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, तसा त्यांचा नियमच आहे. इथलं चीज तसं नाही, हे वेटरनं दोनदा सांगितल्यावर त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली.

आधी सूप आलं. भाज्यांच्या तुकड्यांमध्ये तांदळाएवढे, दोन्ही टोकांना निमुळते दाणे. मी चमच्यात घेऊन पाहिले, मित्रानं पाहिले. आम्ही एकदमच म्हणालो, "गव्हले!"

वेटर म्हणाला, "सर, ऑर्झो." ऑर्झो म्हणजे इटालियनमध्ये जव. पास्ता हा असा, आकारावरून नावं. बारी गावच्या जुन्या गल्ल्यांत बायका दारात बसून अंगठ्यानं दाबत पास्त्याचे छोटे कान वळतात, त्याला म्हणतात ओरेकिएत्ते, म्हणजे कानच. व्हर्मिसेली म्हणजे बारीक अळ्या. हे मी ईदच्या शीरखुर्म्यापूर्वी घरात कुणाला सांगत नाही. आणि आपल्याकडचं वळवट? गव्हले, नखानं दाबलेले नखुले, बोटावर वळलेले बोटवे, फुलासारख्या मालत्या. रवा दुधात भिजवून, चिमूट चिमूट घेऊन, दुपारच्या दुपार वळायचं, पातळ फडक्यावर सावलीत वाळवायचं, रुखवतात मांडायचं.

मित्राच्या थोरल्या बहिणीच्या लग्नातले गव्हले माझ्या अम्मीनं वळले होते. अम्मीचा हात बारीक. एकसारखे दाणे पडायचे. गल्लीतल्या बायका ओसरीवर बसायच्या, गाणी म्हणायच्या आणि मधोमध अम्मी. रुखवतात मुसलमान बाईच्या हातचं कसं ठेवायचं, असं तेव्हा कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. कुणाच्या मनात आलं असेल, तर मित्राच्या आजीपुढं ते बोलायची कुणाची छाती नव्हती. आज कुणी बोलावील का? या प्रश्नाशी मी फार वेळ थांबत नाही.

मुलगी ऐकत होती. तिचं लग्न वैशाखात ठरलेलं. रुखवत तयार मिळतो, ऑर्डर दिली की घरपोच, असं तिच्या आईनं ठरवून टाकलं होतं. ती म्हणाली, "चाचा, दादी आता वळतील का हो?"

तिथूनच फोन लावला. अम्मीचं वय ऐंशीच्या पुढं. ऐकू कमी येतं, त्यामुळं आजूबाजूच्या चार टेबलांनाही कळलं. ती म्हणाली, "मेरे हातां अब कांपते. मैं बतातूं, वळना उसने. और बोल उसको, बाजार का रवा नको. बन्सी का ला."

झाली पंचाईत! बन्सी म्हणजे ड्युरम गहू, त्याचाच पास्ता होतो. आमच्या शेजारच्या राहुरी कृषी विद्यापीठाच्या निफाड केंद्रानं 'पंचवटी' नावाचा बन्सी काढला, शेवया-कुरडयांना उत्तम. पण कोरडवाहू रानातलं ते पीक. आमच्या कालव्याखालच्या शिवारात जिकडं पाहावं तिकडं ऊस. मित्राच्या रानात ऊस, माझ्या चुलत्यांच्या रानात ऊस.

परतीच्या गाडीत कवितेचा विषय निघालाच नाही. ओळखीपाळखीत अजून बन्सी कोण पेरतं, याची नावं आम्ही दोघं आठवत बसलो. शिरूर येईपर्यंत दोन आठवली.