खरा माणूस ओळखायचा कसा?
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



गावोगाव समित्या निवडायच्या आहेत. मोठ्यानं घोषणा देतो म्हणून कोणाला निवडू नका. माणूस खरा की खोटा, ते कामात दिसतं.

जमीन परत मिळण्याचा कायदा १९७४ चा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल, तर ती परत मागता येते. आता एखाद्याचं खरेदीखत १९५६ चं निघालं. खोटा म्हणेल, "टाक अंगठा, दे वर्गणी, बघून घेऊ." खरा माणूस कागद सगळ्यांसमोर वाचेल आणि सांगेल, "दादा, या कायद्यात तुझी जमीन बसत नाही. दुसरी वाट शोधू." ऐकायला कडू लागतं. पण सावकारानं आपल्याला गोड बोलूनच लुटलं ना?

आणखी पाहा. वर्गणीचा हिशेब न मागता देतो का? सावकाराच्या ओट्यावर एकटा जाऊन बसतो का? तलाठ्याशी काय बोलणं झालं, ते गावाला सांगतो का? दारूबंदीवर बोलणारा घरी कसा वागतो, ते त्याच्या बायकोला विचारा. भावजय विधवा झाली, तर तिच्या वाट्याचं शेत सोडतो की दाबतो? सावकारानं दाबलेली जमीन मागणाऱ्यानं स्वतः कोणाची दाबू नये.

हीच फूटपट्टी आम्हा कार्यकर्त्यांनाही लावा. हिशेब मागितल्यावर जो रागावेल, त्याला समितीत घेऊ नका.

जिंदाबाद!