पक्षकाराचे ऐकून कोण घेणार?

(वर्धा येथे वकील व पक्ष-कार्यकर्ते यांच्यापुढे केलेले भाषण)



मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. कायद्याचा अभ्यासक नव्हे. तरीही वकील आणि पक्षकार यांच्या संबंधांविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण हा प्रश्न मला शिष्टाचाराचा नव्हे, विषमतेचा वाटतो. रोग्याला डॉक्टरइतकी माहिती नसते, म्हणून वैद्यकीय सेवा इतर मालासारखी पारखून घेता येत नाही, असे केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले. वकिलीला हे तंतोतंत लागू पडते. हिंगणघाटच्या बाजारात कापूस आणणारा शेतकरी निदान काट्यावर नजर ठेवू शकतो. आपल्या कैफियतीत काय लिहिले गेले, यावर तो नजर कशी ठेवणार? त्याच्या हाती पडते ती पुढच्या पेशीची तारीख.

या जिल्ह्याला सेवाग्रामचे गांधीजी ठाऊक आहेत. वकील गांधी आपण विसरतो. १८९४ साली डरबानमध्ये बालसुंदरम् नावाचा एक गिरमिटिया तमिळ मजूर त्यांच्याकडे आला. गोऱ्या मालकाने त्याला इतके मारले होते की दोन दात पडले होते. अंगावरचे कपडे फाटलेले, आणि मुंडासे हातात. कारण गोऱ्यापुढे गिरमिटियाने डोके उघडे करावे हा तिथला शिरस्ता, आणि तोच त्याने वकिलापुढेही पाळला. गांधींनी त्याला आधी मुंडासे बांधावयास सांगितले. मग आपल्या तमिळ कारकुनामार्फत सारी हकीकत समजून घेतली, डॉक्टरचा दाखला मिळवला आणि त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेले. मालकावर समन्स निघाले. फौजदारी गाजविण्याची ही नामी संधी होती. परंतु या मजुराला मालकाच्या शिक्षेपेक्षा त्याच्या तावडीतून सुटका हवी होती, आणि करार मोडून तो निघून गेला असता तर तुरुंग त्यालाच भोगावा लागला असता. म्हणून गांधींनी मालकाची संमती मिळवून त्याचा करार दुसऱ्या मालकाकडे वर्ग करून घेतला. खटला जिंकणे आणि पक्षकाराची अडचण दूर होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ओळखावयास आधी ऐकून घ्यावे लागते.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. समजा, समुद्रपूरकडचा एक शेतकरी येतो आणि म्हणतो, ‘वकीलसाहेब, वावर विकलं गेलं.’ कागद पाहावा तर नोंदलेले खरेदीखत. घाईतला वकील सांगेल की आता उपाय नाही. परंतु किंमत किती मिळाली, पैसे कशासाठी घेतले होते, व्याज कोण नेत होते, वहिवाट कोणाची, एवढे विचारले तर कदाचित कळेल की ती विक्री नव्हतीच. सावकाराकडे ठेवलेले ते तारण होते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये अशा व्यवहाराची चौकशी जिल्हा उपनिबंधकांकडे मागता येते, आणि सावकारीतून जमीन बळकावल्याचे सिद्ध झाल्यास ते खत अवैध ठरवून जमीन परत देवविता येते. त्यासाठी मुदतही आहे. विचारपूस करण्यात गेलेली पंधरा मिनिटे फीच्या हिशेबात दिसत नाहीत, पण एका कुटुंबाची जमीन त्यांच्यावर अवलंबून असू शकते.

‘अडाण्यांना समजावून काय उपयोग?’ असे ऐकू येते. हे मला मान्य नाही. आणेवारी, गहाण आणि वाटणी ज्याला कळते, त्याला मनाईहुकूमही कळतो. तो मराठीत सांगावा लागतो. राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असेल असे शासनाने १९९८ सालीच अधिसूचित केले. तरी पुष्कळ कार्यालये इंग्रजी मसुद्यांना चिकटून आहेत, आणि वकीलपत्रावर सही करणाऱ्याला सहीपलीकडचे काही कळत नाही.

न सांगण्याची किंमत किती असते, हे १९७८ च्या होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात दिसले. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत हाती न पडल्यामुळे आपल्याला दाद मागण्यास चार वर्षांहून अधिक विलंब झाला, असे कैद्याचे म्हणणे होते. न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालाची प्रत कैद्याला मोफत व वेळेत मिळालीच पाहिजे, आणि तुरुंगाने तिची पोच घेतली पाहिजे, असे बजावले. गरिबांना मोफत कायदेविषयक साहाय्य १९७६ च्या घटनादुरुस्तीने मार्गदर्शक तत्त्वांत आले; त्याचा १९८७ चा कायदा अमलात यायला १९९५ उजाडले! त्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. हे किती जणींना ठाऊक आहे, याची चौकशी आपण गावोगाव करावी.

तरुण वकिलांच्या पोटापाण्याचा प्रश्न खरा आहे. तो स्वतंत्रपणे घ्यावा लागेल. परंतु फीची पावती देणे किंवा प्रत्येक पेशीनंतर चार ओळींची मराठी चिठ्ठी लिहून देणे याला भांडवल लागत नाही. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणे आणि मागितल्यास त्याची प्रत देणे हे तर बार कौन्सिलच्या नियमांनीच बंधनकारक केले आहे. वकील संघाने या गोष्टी स्वतःहून सुरू कराव्यात, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. आपण पक्षकाराला वकिलाकडे नेतो आणि सारी कहाणी स्वतःच सांगून मोकळे होतो. ती बाई कोपऱ्यात पदर सावरीत बसून राहते. यापुढे तिला वकिलासमोरच्या खुर्चीवर बसवावे आणि आपण मागच्या बाकावर बसून टिपण घ्यावे. तिचे बोलणे संपेपर्यंत आपण तोंड उघडू नये.